चार वाजताचा चहा आणि रक्तातील साखर

प्रश्न : मी ६४ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून मधुमेहाच्या गोळ्या घेतो. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी दोन चमचे साखर घातलेला चहा घेतो. संध्याकाळी मित्रांसोबत हॉटेलात पातळभाजी, दोन पाव आणि मिरचीभजी होते. घरच्यांनी हे सारे बंद करण्यास सांगितले आहे. चहात गूळ घातला आणि हॉटेलाऐवजी घरीच मारी बिस्किटे खाल्ली, तर चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : घरच्यांची काळजी अनाठायी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले होते. मात्र आपण सुचविलेल्या दोन्ही बदलांनी फारसे काही साधणार नाही. एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर धरली, तर तीन कपांतून ३० ग्रॅम साखर पोटात जाते, आणि गूळ हीसुद्धा बहुतांशी साखरच असल्याने तो घालून हा आकडा विशेष बदलत नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करीत गेल्यास जिभेला बिनसाखरेच्या चहाची सवय होते. थोड्या दुधाने फार बिघडत नाही.

बिस्किटांबाबत माझे मत स्पष्ट आहे : मैदा आणि साखरेची चार-पाच बिस्किटे बोलता बोलता संपतात, त्यापेक्षा वाटाण्याची पातळभाजी कितीतरी बरी, कारण कडधान्यातील तंतू आणि प्रथिने यांमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. अडचण पावाची आहे. दोनऐवजी एकच पाव घ्यावा, हवी तर भाजी थोडी अधिक मागवावी आणि आधी भाजी खाऊन मग पावाला हात लावावा. कोंड्याची पोई (गोव्यातला पोकळ, गोल पाव) मिळाल्यास उत्तम. परंतु वरून कोंडा भुरभुरलेला असला म्हणजे आतले पीठ अख्ख्या गव्हाचेच असते असे नाही, तेव्हा पदेराला (पाववाल्याला) विचारून घ्यावे. मिरचीभजी बेसनाची असली तरी तेल पुष्कळ पिते, म्हणून ती रोज नको, आणि घ्याल तेव्हा मित्रासोबत वाटून घ्यावी. घरी असाल त्या दिवशी अळसांद्यांचे (चवळीच्या जातीच्या कडधान्याचे) तोणाक म्हणजे रस्साभाजी, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा किंवा भाजलेले चणे चहाबरोबर चांगले लागतात.

हे खाणे वरचे न समजता जेवणाचाच भाग समजून रात्रीच्या शीतकढीतला भात तेवढा कमी करावा. पहिल्या घासानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटर रक्तामागे) आत असावी, मात्र आपल्या वयाला आणि औषधांना योग्य अशी मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

संध्याकाळचे खाणे एकदम बंद करण्याआधीही डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे, कारण काही गोळ्यांमुळे उपाशीपोटी साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हातापायांना कंप सुटला, घाम आला, तर भजी खात बसू नये; तेलामुळे साखर चढायला उशीर लागतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.