"हृदय थांबल्यावर पुढे काय?"

"हृदय बंद करणार म्हणे. पुन्हा सुरूच झालं नाही तर?" ऑपरेशनआधी घाबरलेल्या रुग्णांशी बोलणं हे माझं काम. बायपास ठरलेला माणूस समोर बसला की हा प्रश्न येतोच. त्याने नाही विचारला तर बायको विचारते.

बासष्टीचे एक गृहस्थ आले होते. रात्रभर मोबाइलवर ऑपरेशनचे व्हिडिओ बघायचे, दिवसभर घरच्यांवर चिडायचे. माहिती मात्र तोंडपाठ. मी म्हटलं, "काका, मला सगळं क्रमाने सांगा."

"छातीचं मधलं हाड कापतात. पायातली शीर काढतात, छातीच्या आतली धमनी सोडवून घेतात. मग हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन. पोटॅशियमचं द्रावण सोडलं की हृदय थांबतं..."

"पुढे?"

"पुढे काय!"

पुढच्या भेटीतही ते नेमके तिथेच थांबले. माहिती कमी म्हणून माणूस घाबरतो, हे मला कधीच पटलेलं नाही. मन गोष्ट सर्वांत वाईट जागी तोडतं आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा बघतं. आणखी व्हिडिओंनी काय होणार? मी हट्टाने म्हटलं, "आज शेवटापर्यंत जायचं."

"मशीन बंद पडलं तर?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मशीनवर पूर्णवेळ परफ्युजनिस्ट, म्हणजे ते चालवणारा तज्ज्ञ, बसलेला असतो. वीज गेली तर बॅटरी, तीही संपली तर पंप हाताने फिरवता येतो. हृदय थांबलेलं असतानाही मेंदूला रक्त पोचत असतं. काका सावरून बसले आणि स्वतःच बोलू लागले. केसाहून बारीक धाग्याने ती शीर-धमनी अडथळ्याच्या पुढे शिवून रक्ताला नवी वाट देतात. मग हृदयाला पुन्हा कोमट रक्त मिळतं, पोटॅशियम धुऊन निघतं आणि ठोके सुरू होतात. कधी हलका शॉक द्यावा लागतो. हाड तारांनी बांधतात. "आणि मग मी आयसीयूत जागा होतो," ते म्हणाले. 'मी' हा शब्द त्या गोष्टीत पहिल्यांदाच आला होता. अशा क्षणांसाठीच मी हे काम करते.

आता प्रश्नही कामाचे आले. घशात श्वासाची नळी असताना बोलता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नवरा-बायकोने हाताच्या खुणा ठरवल्या.

धोका शून्य नसतो. तुमचा किती, ते सर्जनलाच विचारा. तुमचं हृदय थांबवणार का, हेही विचारा. काही बायपास धडधडत्या हृदयावरच होतात. खोकताना छातीशी उशी धरायची सवय आधीच करा. हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे, कधी जास्तही लागतात. त्या काळात रडू येणं, झोप उडणं बऱ्याच जणांना होतं. घरच्यांनी "आता काय झालं रडायला?" म्हणू नये. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना सांगा, आणि जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच दिवशी.