छोटं ऑनलाइन दुकान सुरू करताना आधी वेबसाइट बनवावी का?

नको, एवढ्यात नको. तुम्ही म्हणताय आधी वेबसाइट, मग लोगो, मग माल, पण हे उलटं करा, एकाच प्रकारचा थोडासा माल घ्या आणि एखाद्या मार्केटप्लेसवर (अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या, जिथे अनेक विक्रेते माल विकतात अशा साइटवर) किंवा इन्स्टाग्रामवर विकून बघा, अनोळखी माणूस पूर्ण किंमत मोजून घेतोय असं दिसलं की मग वेबसाइटचं बघू (नातेवाइकांच्या ऑर्डरी धरू नका, ते प्रेमापोटी घेतात).

खरी मेख हिशोबात आहे. खरेदी-विक्रीतला फरक म्हणजे नफा नव्हे, त्यातूनच मार्केटप्लेसचं कमिशन, पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेची) फी, पॅकिंग, जाहिरात, रिटर्न सगळं जातं, आणि कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, बॉक्सची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये काढून बरेच जण ५००० ने भागतात, येईल तो आकडा किलो धरतात आणि खरं वजन किंवा हे, जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. म्हणजे ४० बाय ३० बाय २० च्या बॉक्समध्ये अर्ध्या किलोची उशी पाठवली तरी बिल ४.८ किलोचं! म्हणून सुरुवातीला लहान, हलकं, न फुटणारं काहीतरी निवडा, आणि शक्यतो साइजची भानगड नसलेलं, कारण कपडे-चपलांचे रिटर्न फार येतात.

फोटो खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढले तरी चालतात, मापं मात्र नीट लिहा. बँक खातं वेगळं ठेवा. टॅक्स रजिस्ट्रेशनचं आधीच विचारून घ्या, काही मार्केटप्लेस त्याशिवाय विकूच देत नाहीत.