न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत भविष्यकाळच नाही म्हणतात, मग 'उद्या जाईन' कसं सांगतात?

प्रश्नातलं गृहीतक निम्मं खरं आहे. माओरी क्रियापदाला आपल्या 'जाईन, जाशील, जाईल'सारखे प्रत्यय लागत नाहीत. 'हाएरे' म्हणजे जाणं. ते आहे तसंच राहतं, फक्त आधी एखादा छोटा शब्द येतो. 'का हाएरे आउ आपोपो' म्हणजे मी उद्या जाईन. पण हा 'का' भविष्याचा नव्हे. जुन्या कथांत वाक्यामागून वाक्य याच 'का'ने सुरू होतं आणि तिथे अर्थ 'गेला', 'मेला' असा होतो. काळ कळतो तो संदर्भावरून. आपणही घरातून पाय न काढता फोनवर 'आलोच!' म्हणतोच की.

यावरून माओरी लोकांना 'झालं' आणि 'होणार' यातला फरकच जाणवत नाही असं काही जण ठोकून देतात, ते मात्र साफ चूक. फरक क्रियापदाबाहेर आहे, इतकंच. आपला 'कधी' दोन्हीकडे चालतो. तिथे होऊन गेलेल्याला 'इनाहेआ' आणि व्हायच्या गोष्टीला 'आहेआ'. 'घर मी बांधलं' हे 'नाकु इ हांगा ते फारे', तर 'घर मी बांधीन' हे 'माकु ए हांगा ते फारे'. 'हांगा' जागचं हललं नाही, सगळी उलथापालथ त्याच्या आधी झाली.

मला सगळ्यात भावतो तो 'किआ'. 'किआ ओरा' हा नमस्कार तुम्ही ऐकला असेल. मूळ अर्थ 'बरं असो'. इच्छा, हेतू, आज्ञा यांसाठी हा शब्द येतो. आता बघा: 'मी जेवलोय' म्हणजे 'कुआ काइ आउ'. 'अजून जेवलो नाही' म्हणायचं तर 'काओरे आनो आउ किआ काइ'. 'कुआ' गेला, 'किआ' आला. न घडलेली गोष्ट थेट इच्छेच्या पंगतीत जाऊन बसली! 'माझं जेवायचं राहिलंय' म्हणताना आपणही 'जेवलो' सोडून 'जेवायचं'च धरतो.

आणि जे व्हायला नको त्याला वेगळा शब्द, 'केइ'. 'केइ ताका कोए' म्हणजे आपलं 'पडशील हं!'

फक्त माओरीवरून सगळ्या ओशनिक भाषांचा, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या तिच्या भाऊबंद भाषांचा, अंदाज बांधू नका. पापुआ न्यू गिनीतल्या मानाम या ओशनिक भाषेत कर्ता दाखवणारा उपसर्ग क्रियापदालाच चिकटतो आणि घडलेलं की न घडलेलं हेही तोच सांगतो: 'तो'साठी घडलेल्याला 'इ', न घडलेल्याला 'ङा'. तिथे संदर्भावर सोडून देण्याची सोय नाही.