सर्दी-तापात अंगावर पुरळ आलं, ही अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी समजायची का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांच्या मुलीला चार दिवस सर्दी, खोकला आणि ताप होता, तिसऱ्या दिवशी अमॉक्सिसिलिनचं (पेनिसिलिनच्या गटातलं अँटिबायोटिक) सिरप सुरू झालं आणि आज सकाळी कपडे बदलताना पोटापाठीवर बारीक लाल पुरळ दिसलं. पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि आत्ताच खिडकीपाशी नेऊन पुरळाचे फोटो काढून ठेवा, पोटाचा वेगळा, पाठीचा वेगळा, चेहऱ्याचा वेगळा. मी डॉक्टर नाही, पण हे फोटो आम्ही काढले नाहीत आणि त्याचा त्रास माझ्या मुलाला चार वर्षं झाला, म्हणून एवढं कळवळून लिहितेय.

तो तेव्हा तीन वर्षांचा होता. अगदी तुमच्यासारखंच, नाक गळतंय, खोकला, ताप, मग अमॉक्सिसिलिन, आणि पाचव्या दिवशी अंगभर पुरळ. सासूबाई म्हणाल्या गोवर आहे, त्यांनी उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला. फोनवर डॉक्टर म्हणाले औषध बंद करा, आणि पुढच्या वेळी गेलो तर न बघताच फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं, पेनिसिलिन अ‍ॅलर्जी. पुरळ तर दोन दिवसात गेलं पण ती लाल ओळ काही गेली नाही, त्यानंतर कान फुटला, घसा धरला, दर वेळी साधं औषध सोडून दुसरं काहीतरी, आणि मी पण शाळेच्या फॉर्मवर, प्रवासात, सगळीकडे तेच लिहीत राहिले.

तो सात वर्षांचा असताना एका नव्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट विचारलं. पुरळ औषधाच्या पहिल्या डोसनंतर तासाभरात आलं का चार-पाच दिवसांनी? गांधी उठल्या होत्या का, म्हणजे पित्त उठल्यासारख्या फुगीर, खाजणाऱ्या? ओठ, पापण्या सुजल्या का, श्वासाला घरघर लागली का, उलट्या झाल्या का? पुरळ पाचव्या दिवशी आलं होतं, आणि बाकी सगळ्याला उत्तर नाही असंच होतं. मग त्यांनी अ‍ॅलर्जीच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं. तिथे आधी अगदी थोडं अमॉक्सिसिलिन दिलं, मग थांबून पूर्ण डोस, आणि पुढे कितीतरी वेळ तिथेच बसवून ठेवलं. पोरगा दर पाच मिनिटांनी शर्ट वर करून स्वतःचं पोट बघायचा आणि मला दाखवायचा, "आई, काही नाही ना?" काहीच आलं नाही. ते पुरळ व्हायरसचं असणार असं त्यांनी सांगितलं, आणि अशा लेबल लागलेल्या मुलांची टेस्ट केली तर बहुतेकांना खरी अ‍ॅलर्जी निघतच नाही. घरी मात्र हा प्रयोग कोणी करू नका, तो डॉक्टरांसमोरच करायचा असतो.

सर्दी-खोकल्याचे व्हायरस अंगावर पुरळ आणतात ही गोष्ट आपल्याला कोणी सांगतच नाही. अ‍ॅडिनोव्हायरस, एन्टेरोव्हायरस, कोविड, सगळ्यांत येऊ शकतं. एप्स्टीन-बार व्हायरसमध्ये तर अमॉक्सिसिलिन दिलं की पुरळ जास्तच उठतं. तुमच्या मुलीच्या वयात रोझिओला हा व्हायरल आजार पण खूप कॉमन, त्यात तीन-चार दिवस कडक ताप असतो, मग एकदम उतरतो आणि ताप उतरल्यावर गुलाबी पुरळ येतं, पोर मात्र खेळायला लागलेलं असतं. म्हणून तुमच्याकडे ताप उतरला आणि मग पुरळ आलं का ताप असतानाच आलं, हे डॉक्टरांना नक्की सांगा, औषध कोणत्या तारखेला किती वाजता सुरू केलं तेही.

गोवरात उलटं असतं. ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लाल आणि पाणीदार, आणि तीन ते पाच दिवसांनी ताप आणखी चढत असतानाच पुरळ, तेही आधी कानामागे आणि कपाळावर केसांच्या कडेला, मग चेहरा, छाती, पाय असं खाली उतरत जातं. त्याच्याही आधी गालाच्या आतून मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू शकतात, टॉर्च लावून बघा. गोवर हलक्यात घेऊ नका, 2022 मध्ये मुंबईत गोवंडी भागात साथ आली तेव्हा लेकरं गेलीत. मुलीला गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, 9 महिन्यांचा आणि 16 ते 24 महिन्यांमधला, झालेत का ते कार्डावर बघा. शंका असेल तर दवाखान्यात जायच्या आधी फोन करून सांगा म्हणजे वेटिंगमधल्या तान्ह्या बाळांना लागण होणार नाही, हा हवेतून पसरतो. गोवरात व्हिटॅमिन ए चे डोस देतात, ते डॉक्टरांकडूनच. पाला उशाशी ठेवला तर ठेवू द्या, पण खाणंपिणं कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

आता एक तपासणी घरी करा. काचेचा साधा पारदर्शक ग्लास पुरळावर दाबा आणि काचेतून बघा. व्हायरलचं पुरळ बहुतेक वेळा दाबल्यावर फिकं होतं. लाल-जांभळे ठिपके दाबूनही तसेच राहिले तर फोनबिन करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी. आपल्या सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पण बघा. तोंड सुजलं, श्वास लागला, पोर सुस्त पडलं, पाणी पण पीत नाही, तोंडात फोड आले किंवा कातडी सुटायला लागली, तरी तसंच करा. ताप पाच दिवसांच्या वर गेला आणि ओठ-जीभ लालभडक, हातपाय सुजलेले असतील तर कावासाकी आजार आहे का असं स्वतःहून विचारा, त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो. घरी आपल्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका.

डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी आहे, तर फाइलवर नुसतं तेवढं न लिहिता पुरळ कितव्या दिवशी आलं आणि कसं दिसत होतं हेही लिहून द्यायला सांगा, आणि मोठी झाल्यावर टेस्ट करायची का हे आत्ताच विचारून ठेवा. फोन झाला की इथे कळवा, मी बघत राहीन.