पाकीट घरी न्यायचं

प्रिय पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. 'सर, मेसचे पैसे थकलेत. बक्षिसाचे पैसे परत मागितले तर वाईट दिसेल का?' आणि लगेच खाली, 'जाऊ द्या सर, चुकून पाठवला.' चुकून पाठवलेल्या मेसेजात कोणी मेसचे थकलेले पैसे सांगत नाही. म्हणून फोनवर दोन ओळी न लिहिता हे पत्र लिहितोय. सावकाश वाच.

रविवारी संस्थेच्या मुलांसाठी झालेल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत आनंदवलीच्या वळणावर पाण्याच्या टेबलामागे मीच होतो. तू पाणी न घेता वळलीस तेव्हा घड्याळ २० मिनिटं ५ सेकंद दाखवत होतं. संपवलंस ३९ मिनिटं ५२ सेकंदांत. म्हणजे परतीचे पाच किलोमीटर १९:४७. थंडीत, समोरून किलोमीटरला सहा-साडेसहा मिनिटांच्या चालीनं येणारी गर्दी चुकवत, दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा वेगात पळालीस. पेठ तालुक्यातून नाशिकला येऊन जेमतेम दीड वर्ष झालेल्या मुलीनं. त्याबद्दल स्टेजवर कोणी चकार शब्द काढला नाही. बक्षिसाचं पाकीट हातात देताना माईकवाल्यानं काय विचारलं? 'आपल्या ताई हे तीन हजार संस्थेच्या मुलांसाठी परत देणार ना?' टाळ्या आधी वाजल्या, तुझी मान नंतर हलली. क्रम लक्षात ठेव.

आता एकदाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. जिंकलेलं पाकीट घरी न्यायचं. शर्यत मुलांच्या शाळेसाठी असो, रक्तपेढीसाठी असो, नाहीतर गोदावरी स्वच्छ करायला असो. पाकीट घरी.

तुला वाटतंय, चॅरिटीच्या शर्यतीत पैसे घेणं म्हणजे मुलांच्या तोंडचा घास काढणं. हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं तेही मला माहीत आहे. टी-शर्टच्या रांगेत मागून एक बाई म्हणाल्या, 'ह्या पोरी फक्त पाकिटासाठी येतात.' मीही ऐकलं. अगं, हिशेब साधा आहे. धावणाऱ्यांनी नावनोंदणीला भरलेले सहाशे रुपये टी-शर्ट, मेडल, वेळ मोजायची चिप आणि नाश्ता वजा जाता संस्थेला जातात. बक्षिसाची रक्कम वेगळी. ती प्रायोजकानं बक्षीस म्हणूनच दिली, म्हणून त्याचं नाव कमानीवर एवढं मोठं होतं. त्या पैशाचं काम वेगात धावणाऱ्याला बोलवायचं. तू आलीस, वेगात धावलीस, काम झालं. त्या बाईंबद्दल राग धरू नकोस. त्यांच्या सहाशे रुपयांवरच शर्यत उभी राहते, आणि त्या दहा किलोमीटर पुरे करतात हेही काही कमी नाही. पण त्यांचं पाकीट महिन्याच्या एक तारखेला येतं. तुझं रविवारी.

गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड पाहिलायस ना? नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून सुरू होतो आणि संध्याकाळी मोठ्या इनामाची कुस्ती लागते. जिंकलेला पैलवान मातीनं माखलेला फडभर फिरतो, लोक हातावर दहा-वीस ठेवतात. जत्रा देवाचीच असते. दानपेटी चार पावलांवर असते. आजवर कोणी माईकवरून म्हणालं, 'पैलवान, इनाम पेटीत टाकताय ना?' हाडं मोडतील त्या माणसाची. मग डांबरावर पळणाऱ्या पोरीलाच का विचारायचं?

खेळ पैशासाठी खेळू नये हा नियम कोणी केला, तर ज्यांच्या घरी पैसे होते त्यांनी. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये जिम थॉर्प नावाच्या अमेरिकेतल्या आदिवासी खेळाडूनं पाच प्रकारांचं पेंटॅथलॉन आणि दहा प्रकारांचं डेकॅथलॉन, दोन्हींत सुवर्ण जिंकलं. १९१३ मध्ये पदकं काढून घेतली. गुन्हा काय, तर आधी कधीतरी थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता. चूक सुधारायला १९८२ साल उजाडलं. तो १९५३ मध्येच वारला होता. आणि आपल्याकडे? दर शर्यतीच्या भाषणात पाहुणे सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव घेतात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरला कांस्य, ट्रॅकवर वैयक्तिक राष्ट्रकुल पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला, सगळं पाठ असतं त्यांना. आणि त्याच डोंगरातून दुसरी पोर उतरली की ती पाकिटासाठी येते!

आता माझं. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

१९८७. मी बावीस वर्षांचा, सातपूरला एका कारखान्यात रोजंदारीवर. दुष्काळनिधीसाठी रोड रेस होती, मी पहिला आलो. दोनशे एक्कावन्न रुपये. स्टेजवर कोणीतरी कानात म्हणालं, 'निधीला दे, शोभेल.' दिले. फोटो निघाला. घरी किराणावाल्याची उधारी होती आणि आईला शर्यतीचं माहीत होतं. काय सांगणार? म्हटलं, चौथा आलो. तिनं 'पुढच्या वेळी' म्हणत ताट वाढलं. दोन दिवसांनी किराणावाल्यानंच तिला पेपरातला फोटो दाखवला. ती मला काही बोलली नाही. आजतागायत मला कळलेलं नाही की तिला वाईट कशाचं वाटलं, पैशाचं की खोटं बोलल्याचं. विचारायला हवं होतं. राहिलं.

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं ना? नाही झालो. वीस-बावीस वर्षांनी मीच समितीत होतो, माईक माझ्याच हातात होता. सुरगाण्याचा एक पोरगा जिंकला आणि मी तेच विचारलं, त्याच गोड आवाजात. त्या वर्षी हिशेब जुळत नव्हता, एका लहान मुलाच्या ऑपरेशनचा आकडा आम्ही आधीच जाहीर करून बसलो होतो, रात्रभर झोप नव्हती... कारणं खरी आहेत, मी रचलेली नाहीत. आणि समितीतल्या कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. पोरानं पाकीट परत दिलं. पुढच्या वर्षी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीत एकच धरून बसतो: बक्षीस देताना माईक बंद. इतका धरून बसलो की त्यांनी मला मंचावरून उचलून वळणावरच्या पाण्याच्या टेबलाशी नेऊन ठेवलं. बरंच केलं. तिथून धावणारे नीट दिसतात.

आता तुझ्या प्रश्नाचं. पैसे परत मागू नकोस. मान हलली, गेले. पण पावती माग. स्वतःच्या नावाची, तीन हजारांची, आजच. देणगीदारांच्या यादीत तुझं नाव कंपनीच्या आणि डॉक्टरांच्या नावाशेजारी छापून आलं पाहिजे. देणगीवर करसवलत मिळते वगैरे तुला सांगतील. तुला उत्पन्नच नाही तर कर कुठला, आणि सवलत कशाची? तरी पावती घे. लाजू नकोस. लाजून लाजूनच हे सगळं चालतं.

आणि द्यायचं असेल तर दे ना, मी कुठे अडवतोय! आईशी बोलून, मेसच्या काकूंचे चुकते करून, उरले त्यातून शंभर दे. नाहीतर शनिवारी त्या मुलांना मैदानावर घेऊन जा, वॉर्मअप शिकव. त्याला कोणी टाळ्या वाजवणार नाही. म्हणून तर ते तुझं.

तुझे बूट मी वळणावर पाहिले. उजव्याचा तळ बाहेरच्या बाजूनं पार गुळगुळीत झालाय. आठवड्याला साठ किलोमीटर पळतेस. बूट सहाशे-सातशे किलोमीटर टिकतो, म्हणजे अडीच महिने. ते तीन हजार म्हणजे हा बूट होता. दुसरं तिसरं काही नाही, बूट. मी घेऊन देणार नाही. देऊ शकतो, पेन्शन आहे माझी, पण देणार नाही. उद्या मीही कुठेतरी स्टेजवर सांगेन की हिला बूट मी दिले. माझा काही भरवसा नाही.

वाक्य एकच पाठ कर: 'हे माझ्या बुटांचे आहेत.' खोलीत आरशासमोर दहा वेळा म्हण. स्टार्टचा सराव करतेस तसा कर, कारण माईक पुढे आला की घसा कोरडा पडतो, मला माहीत आहे. वाक्य म्हणायचं, नमस्कार करायचा, पायऱ्या उतरायच्या. हसायची गरज नाही.

पुढच्या रविवारी दुसरी शर्यत आहे, गंगापूर रोडवरच, थॅलेसेमियाच्या मुलांसाठी. नाव घातलंस का? 'सर, आता नको वाटतं' असलं काही लिहून पाठवू नकोस, मी वाचणार नाही. पहिले दोन किलोमीटर प्रत्येकी चार मिनिटं पाच सेकंदांनी जा, पुढे तुझं तू बघ. मी वळणावर डाव्या हाताला असेन. कप अर्धाच भरून धरतो, वरून चिमटीत पकडून दोन घोट घे. ह्या वेळी घे, मागच्यासारखं तसंच जाऊ नकोस.

तुझा,
पाण्याच्या टेबलावरचा सर