सोल सोडून फक्त गॉस्पेल?

अहिल्यानगरहून एका आईचं पत्र आहे. मुलगी 23 वर्षांची, पुण्यात बँडबरोबर सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एक लोकप्रिय गाणं) गाते, महिन्याला चार-पाच कार्यक्रम मिळतात. आता म्हणते, यापुढे फक्त गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली ख्रिस्ती भक्तिगीतं, रेकॉर्ड करणार. आजोबा चर्चच्या मंडळीचे पाळक (धर्मगुरू) होते, त्यामुळे घरात तसा आनंदच आहे. "पण हातचं सोडून पळत्याच्या मागे लागते का ही?" असं आईनं विचारलंय.

नमस्कार ताई,

सोल आणि गॉस्पेल ही दोन परकी घरं नाहीत. सोल जन्मलंच मुळी कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या गाण्यातून. त्यामुळे लेक वाट चुकली असं मला अजिबात वाटत नाही. माझी काळजी त्या "फक्त" शब्दाची आहे.

अरीथा फ्रँकलिनचं उदाहरण तिला नक्की माहीत असेल. जानेवारी 1972. अरीथा 29 वर्षांची, सोलमधलं सगळ्यात मोठं नाव. तिनं लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री गॉस्पेल रेकॉर्ड केलं. गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलंड, त्यांचा क्वायर (गायकवृंद) आणि समोर बाकांवर बसलेली माणसं यांच्या साथीनं. त्याचं चित्रीकरणही झालं, ते 2018 मध्ये लोकांसमोर आलं. तुम्ही दोघी मिळून बघाच. ती गात असताना क्लीव्हलंडना रडू आवरत नाही. दुसऱ्या रात्री ती पियानोवर गाते आहे, चेहरा घामानं निथळतोय, आणि तिचे वडील, स्वतः पाळक, पुढे येऊन तो घाम पुसतात. त्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत 20 लाखांहून जास्त प्रती खपल्या.

पण ताई, त्यामागचा हिशेब बघा. ती वडिलांच्या चर्चमध्ये गातच वाढली होती, किशोरवयातच तिचं गॉस्पेल रेकॉर्ड झालं होतं. ड्रम, बेस आणि गिटारवर सोलवालेच वादक होते. आणि त्यानंतरही तिनं सोल सोडलं नाही.

सोल खरोखर सोडलं ते अमेरिकन सोल गायक अल ग्रीननं. त्यानं 1976 मध्ये मेम्फिसला चर्च घेतलं, तिथं पाळक झाला, तरी आणखी काही वर्षं सोल गात राहिला. 1979 मध्ये कार्यक्रमात स्टेजवरून पडला, त्यानंतर पूर्ण गॉस्पेलकडे वळला. गॉस्पेलसाठी त्याला ग्रॅमी मिळाले, आणि पुढे तो सोलकडे परतलाही. म्हणजे हे दार कायमचं बंद होत नाही. मात्र त्याच्यापाशी आधीच्या गाण्यांचं नाव होतं, मागे मंडळी होती. तुमच्या लेकीपाशी आज यातलं काय आहे? मी तिला हेच विचारेन.

गॉस्पेलला समोरून गाऊन उत्तर देणारी माणसं लागतात. हेडफोन लावून एकटीनं स्टुडिओत गायलेलं गॉस्पेल बहुतेक वेळा कोरडं वाटतं. तेव्हा आधी सहा महिने तिनं दर रविवारी क्वायरमध्ये उभं राहावं, एकल गाणं न मागता. मग दोन-तीन गाणी मंडळीतच, उपासनेनंतर, लोकांसमोर रेकॉर्ड करावीत. खर्चही कमी येईल.

आणि मराठीचा विचार केलाय का तिनं? रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तुमच्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात. टिळक 1919 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा कॉपीराइट संपलाय. चाल कोणाची, हे मात्र प्रत्येक गाण्याला तपासायला हवं. त्या शब्दांना सोलमध्ये तयार झालेला गळा मिळाला तर काय होईल, या कल्पनेनंच मला भरून येतं.

रेकॉर्डिंगची मालकी कोणाकडे राहील, हे स्टुडिओकडून आधी लेखी घ्या. घरचं, ओळखीचं माणूस असलं तरी.

बँडला तिनं अजून काही सांगितलं नसेल, तर सध्या सांगू नये. कार्यक्रम चालू ठेवावेत, त्यातले पैसे रेकॉर्डिंगसाठी बाजूला टाकावेत. ड्रमर आणि बेसवाल्याला एखाद्या रविवारी मंडळीत घेऊन यावं. पाळकांशी आधी तुम्हीच बोला.