परतीचे सात दिवस संपले, कुकर अजून गळतोच

प्रश्न: मी कराडला राहते. सणाच्या सेलमध्ये एका मोठ्या ऑनलाइन पोर्टलवरून पाच लिटरचा, बाहेरच्या झाकणाचा स्टीलचा कुकर 2,899 रुपयांना घेतला. पहिल्याच दिवशी कडेने वाफ जायला लागली, शिट्टी होईना. नवव्या दिवशी बदलून आला, त्याचीही तीच तऱ्हा. आता पोर्टल म्हणतं की सात दिवसांची मुदत संपली. विक्रेता म्हणतो कंपनीकडे जा, आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं की रबर वॉरंटीत येत नाही. खोका रद्दीत गेला. कुकरवर आयएसआयचा शिक्काही सापडत नाही. खरेदीला एकोणीस दिवस झालेत. पैसे परत मिळतील का?

उत्तर: मिळायला हवेत, पण आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. वस्तू आवडली नाही, रंग पटला नाही, आकार मोठा वाटला, यासाठी आपल्याकडचा कायदा ऑनलाइन खरेदी परत करण्याचा हक्क देत नाही. तिथे पोर्टल म्हणेल तीच मुदत. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मधल्या नियम 6 प्रमाणे अशी वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणून पुढच्या एकाही पत्रात ‘कुकर पसंत नाही’ असं लिहू नका. ‘कुकर सदोष आहे’ असंच लिहा.

सात दिवसांचं काय? ते पोर्टलचं धोरण आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 2(47) नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत न घेणं, आणि बिलात मुदतच नसेल तर 30 दिवसांत परत न घेणं, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आता तुमचं बिल उघडून पाहा. बहुतेक बिलांवर सात दिवसांचा उल्लेख नसतो, तो वेबसाइटवर कुठेतरी असतो. तुमच्याही बिलावर नसेल तर आपलं म्हणणं सरळ आहे: बिलात मुदत नाही, म्हणून 30 दिवस. त्यातले अकरा उरलेत. दुसरा कुकर आला त्या दिवसापासून मोजा असंही म्हणता येईल, पण वाद कशाला ओढवून घ्यायचा? बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत लेखी मागणी जाऊ द्या. 30 दिवस उलटले तरी हक्क बुडत नाही, ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं असतात. मुदतीतलं पत्र हातात असलं की काम सोपं होतं, एवढंच.

आता शिक्का. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम मुद्दा वाफेचा नाही, हा आहे. घरगुती प्रेशर कुकरला 1 फेब्रुवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मानक क्रमांक आयएस 2347. भारतीय मानक ब्युरो अधिनियम 2016 च्या कलम 17 प्रमाणे, ज्या मालाला चिन्ह सक्तीचं आहे तो चिन्हाशिवाय विकताच येत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने चिन्हाशिवायचे कुकर विकू दिल्याबद्दल दोन मोठ्या पोर्टलना प्रत्येकी 1 लाख रुपये दंड केला होता आणि ते कुकर परत मागवून ग्राहकांचे पैसे द्यायला सांगितलं होतं. ते आदेश पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले, पण ‘आम्ही फक्त बाजार भरवतो, माल आमचा नाही’ असं म्हणून पोर्टलला अंग काढून घेणं सोपं नाही, हे त्यातून दिसतं.

मात्र शिक्का नाही असं लिहिण्याआधी नीट शोधा. तो बुडावर, अंगावर किंवा दांड्याजवळ बारीक कोरलेला असतो आणि नव्या स्टीलच्या चकाकीत चटकन दिसत नाही. टॉर्च तिरका धरून पाहा. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. क्रमांक सापडला तर मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ या मोफत अ‍ॅपमध्ये टाका. परवाना कोणाचा, कोणत्या मालासाठी आणि चालू आहे की नाही, ते तिथे दिसतं. चिन्ह नसेल किंवा क्रमांक भलत्याच कारखान्याचा निघाला तर त्याच अ‍ॅपवरून तक्रार नोंदवा आणि तो कुकर पुन्हा गॅसवर चढवू नका. असं झालं तर प्रयोगशाळेतल्या तपासणीची गरजही राहत नाही. चिन्ह नाही हे डोळ्यांनीच दिसतं.

चिन्ह खरं निघालं तर मात्र दोष वाफेतूनच सिद्ध करावा लागेल. नुसत्या ‘वाफ जाते’ला कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं: रबर झिजणारा भाग, वॉरंटीबाहेर. त्यासाठी दोन गोष्टी करा. पहिली, भांडं ओट्याच्या सपाट कडाप्प्यावर पालथं ठेवा, दांडा ओट्याबाहेर राहील असं. काठाखालून पोस्टकार्ड सरकवून बघा. एखाद्याच जागी कार्ड आत जात असेल तर काठच वाकडा आहे, रबराचा दोष नाही. दुसरी, त्याच कंपनीचं, त्याच मापाचं नवं रबर विकत आणून बसवा, बिल ठेवा. एक लिटर पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा आणि लांबूनच सलग व्हिडिओ घ्या. सुरुवातीला कडेने थोडी वाफ येणं चालतं, पण शिट्टीच्या नळीतून जोरात वाफ यायला लागल्यावरही कडेची थांबत नसेल तर दोष झाकणात किंवा काठात आहे. सेफ्टी वॉल्व्हमधून वाफ सुटली तर लगेच गॅस बंद करा. आणि नव्या रबराने कुकर नीट चालू लागला तर खरं सांगते, पैसे परत मागण्याचं प्रकरण कमजोर होतं. तिथे रबराचे पैसे मागा आणि विषय मिटवा.

खोका गेला याची फार चिंता नको. बिल, ऑर्डरचं पान, दोन्ही डिलिव्हरीच्या नोंदी आणि चॅट यांवर भागतं. पण विक्रीचं पान आजच्या आज सेव्ह करा. तक्रार वाढली की अशी पानं गायब होतात. त्यावर ‘आयएसआय प्रमाणित’ लिहिलं असेल तर आपल्या हाती हुकमाचा एक्का आहे. मूळ व्हिडिओ फोनमधून पुसू नका. पुढे आयोगाने मागितलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र त्यासोबत द्यावं लागेल.

यानंतर पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. चॅटवरच्या मुलाशी भांडून यातलं काहीच होत नाही. मजकूर साधा ठेवा:

‘दि. … च्या बिल क्र. … ने घेतलेला प्रेशर कुकर सदोष आहे. बदलून दिलेल्या कुकरमध्येही तोच दोष आहे. त्यावर सक्तीचं आयएसआय चिन्ह नाही. फोटो व व्हिडिओ सोबत आहेत. हा माल परत घेऊन 2,899 रुपये 15 दिवसांत परत करावेत, अन्यथा ग्राहक आयोगात तक्रार करण्यात येईल.’

चिन्हाचं वाक्य तपासून मगच ठेवा. हाच मजकूर विक्रेत्याला आणि कंपनीला बिलावरच्या व कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 क्रमांकाला, तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्या. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण बऱ्याच कंपन्या तिथून विचारणा आली की हलतात.

तरीही काही झालं नाही तर सातारा जिल्हा ग्राहक आयोग. ‘वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात’ असल्या अटी पोर्टलच्या शर्तींत असतात, त्यांना घाबरू नका. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 34 मुळे ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते. ती ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वस्तूसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पोर्टल, विक्रेता आणि उत्पादक या तिघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते) करा. एकाला वगळलं तर उरलेले दोघे नेमकं त्याच्याकडे बोट दाखवतात. त्यांना लेखी म्हणणं द्यायला 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापुढे ते स्वीकारलं जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. कुकर प्रयोगशाळेत पाठवायचा ठरला तर तपासणीचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं. निकालासाठी कायद्यातली मुदत तपासणी नसल्यास तीन महिने, असल्यास पाच. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, हे धरूनच चाला.

मागणी बेताची ठेवा: 2,899 रुपये व्याजासह, मनस्तापाचे चार-पाच हजार आणि तक्रारीचा खर्च. तीन हजारांच्या कुकरसाठी लाखाची भरपाई लिहिली की मूळ तक्रारही कोणी गांभीर्याने वाचत नाही.

नोटीस गेल्यावर बहुधा पिकअपसाठी माणूस येईल. कुकर देताना त्याचा, त्यावरच्या क्रमांकाचा आणि पॅकिंगचा व्हिडिओ घ्या, पावती किंवा मेसेज आल्याशिवाय हातातून सोडू नका. ‘रिकामा खोका मिळाला’ किंवा ‘वापरलेला माल आहे’ असं नंतर ऐकावं लागतं. न वापरता वाफ गळते हे कसं कळणार होतं, ते त्यांनाच विचारा. आणि ‘माझी काही तक्रार उरली नाही’ अशा मजकुरावर पैसे खात्यात जमा होईपर्यंत सही करू नका, ओटीपीही सांगू नका.